जुनी फायबरची बोट: प्लाय की बोर्ड, पॉलिएस्टर की इपॉक्सी, टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक?

जुनी फायबरची फिशिंग बोट हाताशी आहे आणि ती नीट करून वापरायची की सोडून द्यायची हे ठरत नसेल तर हे तुमच्यासाठी. लोक प्रश्न सुटे सुटे विचारतात, ट्रान्समला (मागची भिंत जिच्यावर इंजिन बसतं) काय घालू, रेझिन (काचेच्या कापडात मुरून कडक होणारा द्रव, पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी) कुठलं घेऊ, जेलकोट (बोटीचा बाहेरचा चकचकीत रंगीत थर) मारू का पेंट, पण हे सगळं एकमेकांत अडकलेलं असतं, एक ठरलं की पुढचं निम्मं आपोआप ठरतं, त्यामुळे सामान आणायच्या आधी शेवटचा थर कुठला हवा ते ठरवा आणि तिथून मागे या.

पण त्याच्याही आधी दुरुस्त करायची की नाही ते बघू. फायबर सहसा दगा देत नाही, दगा देतं ते फायबरच्या आत कोंडलेलं लाकूड. ट्रान्सम, तळाला ताठ ठेवणारे लांब स्ट्रिंगर आणि वरचा डेक, जुन्या बोटीत या तिन्हींत बहुतेक वेळा प्लाय किंवा लाकूडच असतं. इंजिनच्या बोल्टांतून, ड्रेन प्लगच्या कडेने, फिश फाइंडरचा (मासे शोधणाऱ्या यंत्राचा) सेन्सर बसवताना मारलेल्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी आत जातं आणि वर्षानुवर्षं मुरत राहतं, बाहेरून बघाल तर बोट चकाचक. म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळा ट्रान्सम ठोकत जा, चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, सडलेल्या जागी भद्द. शंका आली की आतल्या बाजूने, अगदी खाली, 5-6 मिलीमीटरचं भोक पाडा पण बाहेरची कातडी (फायबरचा थर) फुटेपर्यंत जाऊ नका, आणि निघालेला भुसा बोटांत चोळून बघा. फिकट, कोरडा, फुंकर मारली की उडणारा असेल तर लाकूड जिवंत आहे. काळपट, ओला, ड्रिल बिटला चिकटून येणारा आणि कुबट वासाचा असेल तर ट्रान्सम गेला. बघून झालं की भोक इपॉक्सीने बुजवून टाका.

नुसता ट्रान्सम गेला असेल तर माझं मत स्पष्ट आहे, दुरुस्त करा, बोट त्या मेहनतीच्या लायकीची आहे. ट्रान्सम, स्ट्रिंगर, डेक तिन्ही गेले असतील तर काम अनेक महिन्यांचं होतं, डेकखालचा फोमही पाणी पिऊन बसलेला असतो (शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन उगाच फिरवत होता), तेव्हा त्या बोटीच्या तळाचा आकार खरंच मनापासून आवडत असेल आणि कामाला छपराची जागा असेल तरच हात घाला. तळाचं फायबरच जागोजागी थर सुटून पापुद्र्यासारखं झालं असेल तर सोडून द्या. जेलकोटवरच्या चिरा बघून मात्र घाबरू नका, ताऱ्यासारखी फुटलेली चीर बहुतेक मार लागल्याची आणि वरवरची असते, पण ट्रान्समच्या कोपऱ्यात एकाशेजारी एक समांतर रेघा दिसल्या तर तिथे काहीतरी वाकतंय. आणि हे कळकळीने सांगतो, डेक आणि स्ट्रिंगर कापायच्या आधी तळाला खालून भरपूर ठिकाणी आधार द्या आणि स्ट्रिंगर एकेक करून बदला, सगळे एकदम काढले तर बोटीचा आकार जातो आणि नवे स्ट्रिंगर त्या वाकड्या आकारातच कायमचे बसतात.

आता ट्रान्समच्या आत काय घालायचं. मरीन प्लाय स्वस्त, ताकदवान, कापायला सोपं, बोल्ट आवळले तरी दबत नाही. मरीन म्हणजे कधीच कुजणार नाही असं मात्र धरून चालू नका, त्यातला गोंद पाण्याला टिकतो आणि आत पोकळ्या नसतात, पण पाणी मुरलं की तेही जाणार. कंपोझिट बोर्ड, म्हणजे काचेचे धागे घातलेला कडक फोम, कुजत नाही आणि हलका असतो, महाग मात्र बराच, आणि त्यात जास्त घनतेचाच घ्यावा लागतो, डेकचा हलका बोर्ड ट्रान्समला लावला तर इंजिनच्या बोल्टांखाली दबतो. तिसरा मार्ग ओतायच्या मिश्रणाचा, वरची कड कापून आतलं सडकं लाकूड खरवडून काढायचं आणि दोन कातड्यांच्या मधे रेझिनचं घट्ट मिश्रण ओतायचं, डेक कापावा लागत नाही म्हणून मोह होतो. दोन्ही कातड्या धडधाकट असतील आणि आतलं लाकूड शंभर टक्के निघत असेल तर हे उत्तम, पण तळाशी सडक्या लाकडाची पट्टी राहिली तर मिश्रण तिथे धरत नाही आणि वरून ते दिसतही नाही. मला स्वतःला प्लाय आवडतं, एका अटीवर: प्रत्येक भोक आधी मोठं पाडायचं, इपॉक्सीने भरायचं, वाळलं की त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडायचं, म्हणजे बोल्टचा आणि लाकडाचा कधी संबंधच येत नाही. एवढं केलं की प्लाय आणि बोर्डमधला फरक खूप कमी उरतो, आणि हे करायचा कंटाळा असेल तर सरळ बोर्ड घ्या.

रेझिनमध्ये लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. बोट मुळात पॉलिएस्टरची असते, पण ती कधीच वाळून कडक झालीय, नवा पॉलिएस्टर थर तिच्याशी एकजीव होत नाही, फक्त घासलेल्या पृष्ठभागाला धरून बसतो, आणि या धरून बसण्यात इपॉक्सी पॉलिएस्टरपेक्षा खूप पुढे आहे. त्यामुळे ट्रान्सम, स्ट्रिंगर, तळाचं भोक अशा जोर झेलणाऱ्या जागी मी इपॉक्सीच म्हणेन. पॉलिएस्टर स्वस्त, लवकर वाळणारं, आणि हवामान बघून हार्डनर (रेझिन कडक करणारा पदार्थ) साधारण 1 ते 2 टक्क्यांत कमीजास्त करता येतो. इपॉक्सीत ती मुभा नाही, डब्यावरचं प्रमाण म्हणजे प्रमाण, लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घातला की ते कायमचं चिकट राहतं आणि खरवडून काढावं लागतं. अजून एक, नेहमीची चॉप्ड मॅट (काचेच्या तुकडे केलेल्या धाग्यांची चादर) पॉलिएस्टरसाठी बनलेली असते, तिचे धागे धरून ठेवणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं म्हणून मॅट ताठ राहते आणि कोपऱ्यात बसत नाही, इपॉक्सीबरोबर विणलेलं किंवा शिवलेलं बायॅक्सियल (दोन दिशांच्या धाग्यांचं) कापड घ्या. कुठलंही रेझिन घ्या, आधी सॉल्व्हंटने मेण आणि तेल पुसायचं आणि मग घासायचं, उलट केलं तर मेण ओरखड्यांत भरतं. दुरुस्तीच्या जागेची कड जाडीच्या 12 पट उतरती घासा, म्हणजे 6 मिलीमीटर जाड फायबरला 72 मिलीमीटरचा उतार. मास्क, चष्मा, हातमोजे याबाबत अजिबात तडजोड नको, पॉलिएस्टरच्या हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, आणि डब्यात उरलेलं मिश्रण तसंच ठेवलं तर तापून धूर काढतं.

इथे शेवटच्या थराचा मुद्दा येतो. इपॉक्सीवर जेलकोट नीट धरेल याचा भरवसा नसतो, म्हणून इपॉक्सी घेतलं की वर पेंट, आणि जेलकोटच हवा असेल तर आत पॉलिएस्टर किंवा विनाइल एस्टर (पॉलिएस्टरसारखंच रेझिन). पेंट तर लावायलाच हवा, कारण इपॉक्सी उन्हात टिकत नाही. टू पार्ट (दोन डब्यांतलं मिसळून लावायचा) पॉलियुरेथेन पेंट सुंदर दिसतो आणि वर्षानुवर्षं टिकतो, पण स्प्रे करायचा झाला तर साधा मास्क चालत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो, घरच्या घरी रोलर आणि ब्रशच बरा. बोट कायम पाण्यात राहणार असेल तर पाण्याखालच्या भागाला हा पेंट नको, तिथे इपॉक्सी बॅरियर कोट (पाणी अडवणारा थर) आणि त्यावर अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा रंग).

वायरिंग आणि टाकी यात तुलना करण्यासारखं काही नाही, कलई केलेली तांब्याची वायर आणि नवे पेट्रोल पाइप, विषय संपला.

इंजिनाचं मात्र नीट बघा. जुन्या बोटी हलक्या टू स्ट्रोकसाठी बनल्या, तेवढ्याच ताकदीचं फोर स्ट्रोक साधारण 90 हॉर्सपॉवरच्या आसपास 30-40 किलो जास्त भरतं. बदल्यात पेट्रोल कमी लागतं, धूर नाही, ऑइल मिसळायची कटकट नाही, आवाज इतका कमी की बाजूच्याशी बोलता येतं, रोज लांब जाणाऱ्याने फोर स्ट्रोकच घ्यावं. अधूनमधून जवळपास जाणाऱ्याचं चालू स्थितीतलं जुनं टू स्ट्रोक अजून बरीच वर्षं काम देईल, दुरुस्तही सोपं. अडचण अशी की मागे वजन वाढलं की डेकवरचं पाणी बाहेर टाकणारी भोकं पाण्याखाली जातात आणि उलट पाणी आत यायला लागतं. इंजिन घेण्याआधी बोट पाण्यात सोडा, नव्या इंजिनाच्या वजनाइतके पाण्याचे कॅन ट्रान्समला लागून ठेवा (जुनं काढलेलं नसेल तर फक्त वाढीव वजनाचे), दोन माणसं मागे उभी करा, आणि ती भोकं बघा. पाण्याच्या वर राहिली तर ते इंजिन घ्या, बुडली तर बॅटरी आणि टाकी पुढे सरकवून परत बघा, तरी बुडली तर कमी वजनाचं इंजिन शोधा.