पितृपक्षात मांडलेली दिवाळी: घोडबंदर रस्त्यावरील एका दालनाचा अनुभव

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका मोठ्या दालनावर २०२५ मध्ये अनंत चतुर्दशीनंतर आठवडाभरातच ‘दिवाळी महोत्सव’ असे फलक लागले. १४ सप्टेंबरच्या रविवारी आम्ही तेथे गेलो, तेव्हा पितृपक्ष चालू होता आणि लक्ष्मीपूजनाला महिन्याहून अधिक अवकाश होता. आमच्या घरी पितृपक्षात नवी खरेदी करत नाहीत; मात्र ‘साठा संपेपर्यंतच’ हे शब्द वाचून या वेळी सासूबाईंनीही हरकत घेतली नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

सुती चादरी आणि सदरे उत्तम निघाले, भावही वाजवी होते आणि विक्रेत्या मुलींनी न कंटाळता दहा थाने उलगडून दाखवली. माझी तक्रार आहे ती खास सणासाठी म्हणून मांडलेल्या वस्तूंबद्दल. भाऊबीजेला येणाऱ्या भावांसाठी मी फराळाच्या दोन भेटपेट्या घेतल्या होत्या. घरी पेटी उलटी करून पाहिली, तर माल ५ सप्टेंबरला भरलेला आणि मुदत ४५ दिवसांची, म्हणजे नरक चतुर्दशीला, २० ऑक्टोबरला संपणारी. भाऊबीज तर २३ तारखेला होती. ज्या सणाच्या नावाने पेटी विकली, तो सण पुरा होईपर्यंतही ती टिकणार नव्हती.

उटण्याच्या पाकिटावर ‘८० ऐवजी ६०’ अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. ती नखाने सोडवली, तर खाली छापील किंमत ६० रुपयेच होती. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार कमी केलेल्या किमतीची चिठ्ठी लावता येते, परंतु तिने मूळ छापील किंमत झाकता येत नाही. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरील जीएसटी २२ सप्टेंबरपासून २८ वरून १८ टक्क्यांवर येणार, हे ३ तारखेलाच जाहीर झालेले असूनही तेथे ‘आजच घ्या’ असा आग्रह चालू होता, हेही मला खटकले.

पुढच्या रविवारी पेट्या परत नेल्या, तेव्हा ‘महोत्सवातील माल परत घेतला जात नाही’ असे उत्तर मिळाले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करीन, असे सांगितल्यावर व्यवस्थापकांनी पेट्यांचे पैसे दिले. उटण्याचे दिले नाहीत.

कंदील आणि उटणे मी अखेर वसुबारसेच्या आदल्या दिवशी जांभळी नाक्यावरून आणले. गर्दीत अर्धा तास उभे राहावे लागले, सवलत एक रुपयाचीही नव्हती. पण पुडी सोडताच नागरमोथा आणि कचोऱ्याचा वास घरभर पसरला आणि सासूबाईंनी ती लगेच देवापाशी नेऊन ठेवली. चादरींसाठी मी या दालनात पुन्हा जाईन. फराळ, उटणे किंवा भेटवस्तू तेथून घेणाऱ्यांनी पेटीवरची तारीख आणि चिठ्ठीखालची किंमत पैसे देण्यापूर्वीच पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.