कीक्लोकमध्ये टेनंट कसे ठेवायचे: रेल्म की ऑर्गनायझेशन?

समजा, तुमचं पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर ४० कंपन्या वापरतात आणि सगळ्यांचं लॉगिन कीक्लोकवर, म्हणजे लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, आहे. यातली प्रत्येक कंपनी म्हणजे एक टेनंट. प्रत्येकीला वेगळा रेल्म (कीक्लोकमधलं स्वतंत्र आवार) द्यायचा, की एकाच रेल्ममध्ये प्रत्येकीची ऑर्गनायझेशन (त्या आवारातला सदस्यांचा गट) उघडायची? ऑक्टोबर २०२४ मध्ये आवृत्ती २६ आली तेव्हा कुठे ऑर्गनायझेशन ही सोय पक्की झाली, म्हणून जुन्या बहुतेक मांडण्या रेल्मच्याच दिसतात.

रेल्म म्हणजे सगळी चूल वेगळी. वापरकर्ते, पासवर्डचे नियम, टोकनवर (लॉगिननंतर मिळणाऱ्या डिजिटल ओळखपत्रावर) सही करणाऱ्या किल्ल्या, सेशनची मुदत, सगळं त्या कंपनीचं स्वतःचं. तिच्या आयटीवाल्याला फक्त त्याच्या रेल्मचा कन्सोल उघडून देता येतो. शेजारी कोण राहतं हे त्याला कळतही नाही. देखरेखीत तर रेल्म सरळ पुढे आहे. लॉगिनच्या नोंदी रेल्मवार साठतात, त्या किती दिवस ठेवायच्या हेही रेल्मवार ठरतं, आणि इव्हेंटचे मेट्रिक्स (लॉगिनसारख्या घटनांची मोजणी) चालू केले तर त्यांना रेल्मचा टॅग लावता येतो. सकाळी नऊला ‘आमच्या कोणाचंच लॉगिन होत नाहीये’ असा फोन आला, की त्या एका कंपनीचा आलेख समोर ठेवून बोलता येतं. ऑर्गनायझेशनमध्ये सगळ्यांच्या नोंदी एकाच ढिगात पडतात. कंपनीचा स्वतःचा आयडेंटिटी प्रोव्हायडर (तिच्या लोकांची ओळख पटवणारी तिची यंत्रणा) असेल तर त्यावरून गाळता येतात, नाहीतर वापरकर्ता कुणाचा हे शोधण्यापासून सुरुवात.

मग रेल्मच का नको? संख्येमुळे. दहा-वीस रेल्म सुखाने नांदतात. पण प्रत्येक नव्या रेल्ममागे मास्टर रेल्ममध्ये (बाकी रेल्मचा कारभार पाहणाऱ्या मुख्य रेल्ममध्ये) एक क्लायंट (ॲप्लिकेशनसारखी एक नोंद) आणि त्याच्या भूमिकांचा संच जमा होतो. शेकड्यांत गेलात की नवा रेल्म उघडणंही रेंगाळतं. पासवर्डचा एक नियम बदलायचा तर तितक्याच ठिकाणी. शिवाय प्रत्येक रेल्मचा इश्युअर (टोकन कोणी दिलं ते सांगणारा पत्ता) वेगळा, म्हणजे ॲप्लिकेशनलाही ते सगळे ओळखावे लागतात.

आणि पाच कंपन्यांचे पगार करणारा सीएच्या ऑफिसातला माणूस? रेल्ममध्ये त्याची पाच खाती. ऑर्गनायझेशनमध्ये एकच खातं, पाच सदस्यत्वं. माझ्या मते पगारपत्रकाच्या धंद्यात इतकं एक कारणही पुरेसं आहे: छोट्या ग्राहकांना ऑर्गनायझेशन, आणि ज्याचे पासवर्डचे नियम किंवा ऑडिट वेगळं आहे, अशा एखाद्या बँकेला स्वतंत्र रेल्म.

एक खाच मात्र आधीच तपासून घ्या. बिल थकलं म्हणून रेल्म बंद केला, तर सगळेच बाहेर. ऑर्गनायझेशन बंद केली, तर फक्त तिचे ‘मॅनेज्ड’ सदस्य, म्हणजे तिच्या आयडेंटिटी प्रोव्हायडरमधून आलेले, अडतात. तुम्ही हाताने जोडलेल्यांचं लॉगिन चालूच राहतं. त्यांच्या टोकनमध्ये त्या ऑर्गनायझेशनचा उल्लेख तेवढा नसतो. तुमचं ॲप्लिकेशन तो उल्लेख तपासत नसेल, तर थकबाकीदार आरामात आत येऊन पगाराच्या स्लिपा काढत बसेल.