छोटी पवनचक्की चांगली आहे, पण बॉक्सवरचा आकडा शक्यच नाही

चार महिने झाले गच्चीवर लावून. व्यास १.२ मीटर, तीन पाती. पाती खरंच मन लावून बनवलीत, मुळाशी चांगला पीळ आहे आणि टोकाकडे जाता जाता पातं जवळजवळ सपाट होतं, ते तसंच हवं कारण टोक मुळापेक्षा कितीतरी जोरात फिरतं. आवाज कमी, बेअरिंग एकदम हलकं.

आता तक्रार. बॉक्सवर लिहिलंय ५ मीटर प्रति सेकंद वाऱ्याला १०० वॉट. अहो, एवढ्या वर्तुळातून त्या वेगाने जाणाऱ्या वाऱ्यातच सगळी मिळून ८६ वॉट असते! आणि तीही पूर्ण काढता येत नाही, पूर्ण काढली तर हवा पात्यांमागे तुंबून राहील मग नवीन वारा आत शिरणार कुठून. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० सालीच हिशोब मांडून ठेवलाय, जास्तीत जास्त १६/२७ म्हणजे ५९.३ टक्के, तेही मागे सुटणारा वारा मूळ वेगाच्या एक तृतीयांशावर आला तर. म्हणजे इथे ५१ वॉटच्या वर कोणीच जाऊ शकत नाही. मी शेजारी ॲनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) लावून त्याच वेगाला मोजलं तर २२ वॉट आले, साधारण २५ टक्के, आणि एवढ्याशा मशीनला ते अजिबात वाईट नाही, मोठमोठ्या पवनचक्क्याही ४५-५० च्या आसपासच असतात.

कस्टमर केअरला विचारलं तर म्हणे सर, हेलिकॉप्टरचे रोटर ७०-८० टक्के देतात, तीच टेक्नॉलॉजी आहे. इथेच सगळा घोळ आहे. हेलिकॉप्टरचा तो आकडा 'फिगर ऑफ मेरिट', म्हणजे हवेत एका जागी तरंगायला कमीत कमी जेवढी पॉवर लागायलाच हवी तिची प्रत्यक्ष लागलेल्या पॉवरशी तुलना. तिथे १०० टक्के म्हणजे आदर्श रोटर. पवनचक्कीचे टक्के वाऱ्यातल्या एकूण ऊर्जेचे, तिथे आदर्शच ५९.३ वर थांबतो. दोन्हीचं गणित एकाच मुळातून आलंय पण मोजपट्टी वेगळी, एकीचा आकडा उचलून दुसरीला चिकटवता येत नाही. त्याच गणितात वजन तेवढंच ठेवून रोटरचं क्षेत्रफळ दुप्पट केलं तर तरंगायला पॉवर जवळपास ३० टक्के कमी लागते, म्हणूनच २०१३ मध्ये नुसते पेडल मारून हेलिकॉप्टर मिनिटभर हवेत ठेवता आलं, त्याचे चारही रोटर अवाढव्य होते.

मशीनला चार स्टार दिले असते, छापलेल्या आकड्यापायी एक कापला. घ्यायची असेल तर आधी तुमच्या गच्चीवरचा वारा मोजा, वेग निम्मा झाला की पॉवर आठवा हिस्साच उरते.