डीएक्स-७ की डी-५०: एकच घ्यायचा झाला तर

घरात दोन सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे कीबोर्ड) मावत असतील तर दोन्ही घ्या आणि पुढचं वाचू नका. माझ्या खोलीत पेटी, तबल्याची जोडी आणि पुस्तकांचं कपाट यांच्यामधून एकाच स्टँडची जागा उरत होती. दीड वर्ष दोन्ही आलटून पालटून वाजवले, मग एक विकला. त्यामुळे हे लिहिणारा अगदीच तटस्थ नाही, एवढं आधी सांगून ठेवतो.

यामाहाचा डीएक्स-७ आला १९८३ साली, रोलँडचा डी-५० त्यानंतर चार वर्षांनी. दोन्ही डिजिटल, पण जातकुळी वेगळी. डीएक्समध्ये ध्वनिमुद्रित असं काहीच नाही. एका साध्या लहरीने दुसरीला हलवायचं, त्यातून नवा आवाज काढायचा. स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग यांच्या हाती १९६७ मध्ये लागलेली ही युक्ती पुढे यामाहाने परवाना घेऊन वापरली. डी-५० वाल्यांनी दुसरी वाट धरली. तेव्हा मेमरी महाग. म्हणून वाद्याच्या आघाताचा पहिला क्षण तेवढा मुद्रित करून ठेवला आणि त्यामागची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा सूर, सिंथकडून काढून घेतली. आपला कान वाद्य ओळखतो तो बराचसा त्या पहिल्या क्षणावरच, त्यामुळे थोडक्यात काम भागलं.

दुकानात पहिल्या पाच मिनिटांत डी-५० जिंकतो, यात वाद नाही. रिव्हर्ब (घुमारा) आणि कोरस (आवाज भरदार करणारा इफेक्ट) आतच आहेत, आउटपुट स्टिरिओ. त्यातला ‘फँटेशिया’ नावाचा तयार आवाज लावून नुसता एक कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) दाबला तरी खोली दुप्पट मोठी झाल्यासारखी वाटते. डीएक्स त्यामानाने कोरडा ठणठणीत. एकच मोनो जॅक, इफेक्ट एकही नाही. मी पहिल्यांदा घरी लावला तेव्हा स्वयंपाकघरातून प्रश्न आला, “काय पडलं?” बाहेरून थोडा रिव्हर्ब जोडला आणि मग घरात शांतता झाली.

हाताची गोष्ट मात्र उलटी. डीएक्सचा इलेक्ट्रिक पियानो हळू वाजवला तर मऊ घंटेसारखा, जोर वाढवला की आवाज नुसता मोठा होत नाही, त्याला धार येते, टण् असा दात लागतो. भावगीताच्या साथीत ओळ संपताना बोट हलकं केलं की सूरही आत ओढल्यासारखा होतो. डी-५० लाही स्पर्श कळतो, पण माझ्या बोटांना तो एवढा जवळून कळल्यासारखा वाटला नाही. मोजमाप काही केलेलं नाही, बोटांचंच म्हणणं सांगतोय.

आता ज्या एका गोष्टीवर माझा निर्णय झाला ती. डी-५० एका वेळी सोळा सूर देतो, पण त्याचे जे आवाज ऐकून आपण त्याच्या प्रेमात पडतो ते बहुतेक दोन थरांचे आहेत, आणि दोन थर लावले की सोळाचे आठ होतात. पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलंय, तेव्हा लपवाछपवी काही नाही. घरगुती बैठकीत साथीला बसलो होतो, गायिकेची पट्टी काळी दोन. डाव्या हाताने सा-प धरून ठेवलेला, पाय पेडलवर (ते दाबलेलं असलं की बोट उचललं तरी सूर चालू राहतो), उजव्या हाताने तीन-तीन सुरांचे कॉर्ड. पहिला कॉर्ड, झाले पाच. दुसरा, झाले आठ. तिसरा दाबला आणि सगळ्यात आधी धरलेला खालचा सा गेला. बोट पट्टीवर तसंच, पण आवाज नाही. गायिकेने वळून पाहिलं, कारण पायाखालची सतरंजी तिच्याच ओढली गेली होती. चूक माझी. सूर धरून बसायची सवय मला पेटीवरून आली. तिथे भाता मारत राहिलं की सूर टिकतो, तसं इथेही टिकेल असं हाताला वाटत राहतं. महिनाभर प्रयत्न केला, सवय मोडली नाही. डीएक्सवर सोळा म्हणजे सोळाच, आवाज कोणताही लावा. पाचव्या कॉर्डला तिथेही सूर तुटेल, पण पियानोचा सूर तोवर आपोआप विरलेला असतो आणि पेडलही उचललेलं असतं.

एकेक ट्रॅक करून रेकॉर्डिंग करणाऱ्याला हे सगळं पोरखेळ वाटेल. त्याने डी-५० च घ्यावा, माझी हरकत नाही.

डीएक्सचे नखरे कमी नाहीत. मूळ डीएक्स-७ मिडीच्या (वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी जोडायची पद्धत) पहिल्या चॅनेलवरच बोलतो, दुसऱ्या चॅनेलवर पाठवायचं नाही म्हणजे नाही. त्याची पट्टी कितीही जोरात मारा, मिडीवर जोराचा सगळ्यात मोठा आकडा, १२७, जात नाही. कॉम्प्युटरमधला सिंथ त्याच्याकडून वाजवला तर सगळं जरा मवाळ वाटतं. ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम वरखाली सरकवणं, प्रत्येक आवाजाच्या आत जतन होतो. म्हणजे गायकाने ऐनवेळी पांढरी पाच सांगितली की एक आवाज हलतो, पुढचा लावला की परत मूळ पट्टीत. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याने याचा आधी विचार करावा. आणि आवाज बनवायला बसाल तर सपाट बटणं आणि दिवा नसलेली छोटी पडदी. एका वेळी एकच आकडा दिसतो. अर्धा तास खपून सेव्ह करायला जावं तर पडदीवर ‘मेमरी प्रोटेक्टेड’. हे कुलूप दर वेळी चालू केल्यावर परत लागलेलं असतं. डी-५० लाही आवाज बनवणं सोपं नाही, पण निदान पडदी उजेडात असते आणि एक जॉयस्टिक हाताशी असते.

माझ्यापुरता तोडगा असा, की मी बनवतच नाही. चाळीस वर्षांत लोकांनी डीएक्ससाठी अक्षरशः हजारो आवाज करून ठेवलेत. बत्तीस आवाजांची एक फाइल ४१०४ बाइटची, मिडीने पाठवली की आत. ‘डेक्स्ड’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर याच फाइली वाचतं. विकत घेण्याआधी महिनाभर त्यावर वाजवून बघा. कंटाळा आला तर पैसे वाचले.

घ्यायला गेलात तर दोन गोष्टी. आतली बॅटरी संपली की साठवलेले आवाज जातात, आणि डीएक्समध्ये ती सर्किटला झाळलेली आहे. बदलायला झाळणी हातात धरता येणारा माणूस लागतो. दुसरं, जपानी बाजारातला असेल तर मागच्या बाजूला १०० व्होल्ट लिहिलंय का ते बघा. लिहिलं असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० च्या प्लगजवळही नेऊ नका. माझ्या एका मित्राने नेला होता. आवाज एकदाच आला, आणि तो सिंथचा नव्हता.

माझा डी-५० ज्यांनी नेला ते लघुपटांचं पार्श्वसंगीत करतात. त्यांच्याकडे गेलो की पहिली दहा मिनिटं मीच त्यावर फँटेशिया लावून बसतो, पेडलला पाय न लावता.