चामड्याचे दागिने घरी: किट, कातडं आणि रिंगा, तीन ऋतूंच्या वापरानंतर

ऑनलाइन मिळतं ते पंचवीस-तीस नगांचं बिननावाचं लेदरक्राफ्ट किट, वेगळं मागवलेलं व्हेज टॅन कातडं, आणि इंदूरच्या बाजारातून जमवलेले हूक, रिंगा, बटणं. एवढ्या सामानावर कानातली, पेंडंट आणि मनगटी पट्टे करून, उन्हाळा, पावसाळा आणि थंडीत अंगावर घालून झाल्यावरचं हे मत. किटातली निम्मी हत्यारं पडून राहतात. कातडं चांगलं असेल तर टिकतं. दागिना बिघडतो तो बहुतेक वेळा धातूपाशी, म्हणून आधी धातूबद्दल.

व्हेज टॅन म्हणजे झाडाच्या साली-फळांतल्या टॅनिनने कमावलेलं चामडं. आपल्याकडे त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. या टॅनिनला लोखंड लागलं आणि जोडीला ओल असली की निळा-काळा डाग पडतो. मुलामा उडालेली स्वस्त रिंग घामाच्या दिवसांत कानातल्याच्या भोकाभोवती असंच काळं वर्तुळ उमटवते. डाग ताजा असेल तर लिंबाचा रस कापसाने टिपून फिका होतो, पूर्ण जात नाही. पितळेचं दुखणं वेगळं: कातड्यातल्या तेलाशी पितळेतल्या तांब्याची क्रिया होऊन रिव्हेटच्या (ठोकून बसवायच्या खिळीच्या) कडेला हिरवा मेणचट थर येतो. तो जुन्या टूथब्रशने निघतो आणि कातड्याचं फारसं नुकसान होत नाही. म्हणून पितळ चालेल, मुलाम्याचं लोखंड नको. हूक घेताना ‘जर्मन सिल्व्हर’ या नावाला भुलू नका. त्यात चांदी नसते. तांबं, जस्त आणि निकेल असतं, आणि निकेलनेच पुष्कळांचे कान खाजतात, चिघळतात. ३१६ एल स्टीलचे हूक घ्या, नाहीतर सराफ्यात ९२.५ टक्के चांदीचे करून घ्या.

जंप रिंग, म्हणजे हूक आणि कातडं जोडणारी चिरेची कडी, ६ मिमी व्यासाची, ०.८ मिमी तारेची पुरते. उघडताना दोन पकडींनी टोकं पुढे-मागे सरकवायची, बाजूला फाकवायची नाहीत. फाकवलेली रिंग परत नीट गोल होत नाही आणि त्याच फटीतून एक कानातलं कधीतरी गळतं. भोक दीड मिमीचं आणि कडेपासून निदान ३ मिमी आत हवं, नाहीतर वजन नसतानाही कातडं लांबट फाटत जातं.

कातड्यात क्रोम (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) आणि व्हेज टॅन यांची गल्लत सगळ्यात महागात पडते. क्रोम मऊ आणि पाण्याला चिवट, पर्स-जॅकेटला उत्तम, पण त्यावर ठसा धरत नाही आणि घासून कडेला चकाकी येत नाही. ओळखायचं तर कापलेली कड बघा: क्रोमच्या गाभ्यात अनेकदा निळसर-करडी झाक असते. बिनरंगाच्या व्हेज टॅनवर पाण्याचा थेंब टाकला तर तो शोषला जाऊन तिथे गडद होतं. तुकडा पाठीचा किंवा खांद्याचा मागा. पोटाकडचा स्वस्त पडतो, पण ताणला जातो आणि पेंडंट महिन्याभरात वाकडं होतं. कानातल्याला १ ते १.२ मिमी, पट्ट्याला २ ते २.५ मिमी. ५ बाय ३ सेंमीचं १.२ मिमी कानातलं जेमतेम दोन ग्रॅम भरतं, मोठे आकार कानाला पेलतात ते यामुळेच. एका चौरस फुटात कपात धरून असे वीसेक जोड बसतात. कोल्हापुरी चपलेच्या जाड कातड्याचे तुकडे मिळाले तर ते रुंद कड्याला छान, कानातल्याला निरुपयोगी. इंदूरच्या चामड्याच्या खेळण्यांना जीआय मानांकन आहे, म्हणून तिथले तुकडे चालतील असं सुचवणारे भेटतात; पण ते काम आतल्या सांगाड्यावर कातडं चढवण्याचं आहे, इथे कातड्याला स्वतःच्या बळावर उभं राहायचं असतं.

आता किट. फिरत्या चकतीचा पंच सगळ्यात आधी कामातून जातो: चकती हलायला लागते, नळी पितळी गादीवर मधोमध बसत नाही आणि भोक अर्धवट कापलं जातं. शिवाय त्याची सर्वांत बारीक नळी २ मिमीची. सुटा दीड मिमीचा पंच, नायलॉनचा हातोडा आणि खाली स्वयंपाकघरातला जाड प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड ही जोडी कितीतरी सरस. लोखंडी हातोड्याने पंचाचं डोकं पसरतं. कड गोलावणारा बेव्हलर किटात दोन नंबरचा येतो, १.२ मिमीच्या कातड्यावर तो इतकं काढतो की मधे धारच उरते. तिथे ४०० आणि मग ८०० नंबरचा पॉलिश पेपर वापरा. शिवणीची भोकं पाडणारा टाक्यांचा काटा ४ मिमी अंतराचा मिळतो, दागिन्यावर तो ढोबळ दिसतो. ३ मिमीचा वेगळा घ्यावा लागतो. आरी, मेणाचा दोरा, सुया आणि कड घासायची लाकडी घोटणी मात्र कामाची. कापायला रापी जमत असेल तर तिच्यासारखं काही नाही, नसेल तर ३० अंशांच्या पात्याचा कटर घ्या. पातं बोथट झालं की वळणावर कातडं ढकललं जातं, म्हणून ते कंजुषी न करता बदला.

कडेला चकाकी आणायला ट्रॅगाकँथ डिंक सांगतात. इंदूरच्या सियागंज बाजारात किराण्यात मिळणारा कतीरा डिंक तेच काम करतो: ५ ग्रॅम डिंक २०० मिली पाण्यात रात्रभर भिजवून मलमलच्या फडक्यातून गाळायचा. उन्हाळ्यात दोन दिवसांत आंबतो, तेव्हा थोडाच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. बोटाने फक्त कडेवर लावायचा. दर्शनी बाजूला सांडला तर तिथे रंग धरत नाही. म्हणजेच क्रम असा: कापणं, भोकं, पेपर, रंग, मग डिंक आणि घोटणी. घोटताना जोर नको, वेग हवा.

स्पिरिटचा रंग वाळल्यावर पांढऱ्या फडक्याने फडकं स्वच्छ येईपर्यंत पुसा. हे टाळलं की मे महिन्याच्या घामात रंग मानेवर आणि कुर्त्याच्या गळ्यावर उतरतो. काळ्याला मात्र वेगळा उपाय आहे. स्टील वूल (लोखंडाच्या बारीक तारांचा गुंता) व्हिनेगरमध्ये आठवडाभर, झाकण सैल ठेवून, मुरवायचं आणि गाळून ते पाणी लावायचं. वर ज्याची तक्रार केली तीच लोखंड-टॅनिनची क्रिया, इथे मुद्दाम केलेली. काळा रंग तंतूतच तयार होतो, त्यामुळे सुटत नाही. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घ्या, नाहीतर आंबट वास रेंगाळतो.

पावसाळ्यात प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत ठेवलेल्या जोडांवर बुरशी हमखास. निम्मं पाणी, निम्मं स्पिरिट घेऊन पुसा, सावलीत वाळवा, सुती पिशवीत ठेवा. थंडीत आणखी एक पांढरेपणा दिसतो, तो बुरशी नव्हे: खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि जास्त चोपडलेलं असेल तर वर येतं. केस वाळवायच्या यंत्राची ऊब दिली की आत जातं. बुरशी जात नाही, हीच ओळख. मधमाश्यांचं मेण एक भाग आणि तेल दोन भाग वितळवून केलेलं मलम अगदी पातळ लावलेलं बरं.

पट्ट्याच्या मापात कातड्याची जाडी विसरली जाते. मनगट १६ सेंमी असेल तर सैलपणाला १ सेंमी, आणि २.५ मिमी कातड्याला वळणासाठी आणखी ८ मिमी. म्हणजे बटणांच्या मध्यांतलं अंतर १७.८ सेंमी, दोन्ही टोकांना १२ मिमी धरून एकूण २०.२. बटणाची दांडी कातड्याबाहेर साधारण ३ मिमी दिसली पाहिजे. जास्त उरली तर ठोकताना तिरकी पडते आणि बटण चार वेळा उघडताच निघून येतं. तिरकं बसलेलं बटण पकडीने ओढू नका, भोक मोठं होतं. दांडीची पसरलेली कड कानसून काढा आणि मागून ढकला.