तीस टक्के कमिशन आणि बाळाची गोधडी

लातूरला घरी हाताने शिवलेल्या बाळाच्या गोधड्या मी गेल्या आठ महिन्यांपासून छत्रपती संभाजीनगरमधील एका हस्तकलेच्या दुकानात कमिशनवर ठेवते. गोधडी विकली गेली की दुकान छापील किमतीच्या ३० टक्के कापून घेते आणि उरलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत खात्यावर जमा करते. त्यात आजवर एक दिवसही मागेपुढे झालेले नाही.

पहिल्या भेटीत संचालिकाबाईंनी गोधडी उलटी करून मागचे टाके बोटाने चाचपले आणि ‘किती तास लागले?’ असे विचारले. मला उत्तर देता आले नाही. तोवर कापड-दोऱ्याचा खर्च दुप्पट करायचा आणि ५५० रुपये सांगायचे, एवढाच माझा हिशेब होता. त्यांनी पुढची गोधडी घड्याळ पाहून शिवायला सांगितली. मधल्या थरासाठी जुनी सुती साडी धुऊन इस्त्री करण्यापासून काठाकडून आत येत जाणाऱ्या धावदोऱ्याच्या शेवटच्या टाक्यापर्यंत, स्वयंपाक आणि पाहुणे वगळून, २० तास भरले. आठ तासांचा ४०० रुपये रोज धरला, म्हणजे खुरपणीला जाणाऱ्या बाईपेक्षा काही जास्त मागितले असे नाही, तरी मजुरीच १,००० रुपये झाली. कापड, दोरा, पिशवी आणि लेबल यांचे २८० धरून गोधडी १,२८० रुपयांना पडली.

हा धडा दिल्याबद्दल मी दुकानाची ऋणी आहे. मात्र पुढचा हिशेब दुकानाने चुकीचा सांगितला. खर्चावर ३० टक्के चढवून १,६६४ रुपये किंमत लावा, असा त्यांचा सल्ला होता. कमिशन कापले जाते ते खर्चावर नव्हे, तर विक्रीच्या किमतीवर, त्यामुळे १,६६४ मधून ३० टक्के गेल्यावर हाती १,१६५ रुपयेच येतात आणि जवळपास ११५ रुपयांची, म्हणजे दोन तासांहून अधिक मजुरीची, तूट पडते. १,२८० ला ०.७० ने भागले तर १,८२९ येतात. मी किंमत १,८५० लावली आणि पहिल्या दोन गोधड्या तीन आठवड्यांत गेल्या.

खरी तक्रार दिवाळीतल्या सवलतीची आहे. दुकानाने सरसकट दहा टक्के सूट जाहीर केली, त्यामुळे १,८५० ची गोधडी १,६६५ ला विकली गेली, पण कमिशन मूळ किमतीवरच ५५५ रुपये कापले गेले आणि मला १,२९५ ऐवजी १,११० मिळाले. सुटीचे १८५ रुपये संपूर्णपणे माझ्या मजुरीतून गेले. विचारल्यावर करारातील कलम दाखवण्यात आले. ते तिथे होते आणि मी वाचले नव्हते, ही चूक माझीच. तरीही गिऱ्हाईक दुकानात यावे म्हणून दिलेल्या सुटीचा भार दुकानाने अजिबात न उचलणे मला न्याय्य वाटत नाही.

करारासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, मागतात. ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, त्यासाठी कोणाला हजार-पाचशे देऊ नयेत. केवळ मालाची विक्री असेल आणि वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात अशा विक्रीला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही.

घरूनही याच किमतीला विकण्याची दुकानाची अट सुरुवातीला जाचक वाटली. गल्लीतल्या ओळखीच्या बाईला १,८५० कसे सांगायचे? पण घरी येणाऱ्या गिऱ्हाइकाला दहा गोधड्या उलगडून दाखवणे, फोटो पाठवणे, चहा करणे यातही तास जातातच, आणि ते मी कधी धरलेच नव्हते. ‘जुन्या साडीचीच तर आहे’ असे म्हणणारे घरी भेटतात, तसे दुकानातही भेटतात. त्याच शहरात पैठणी पाहताना लोक विणायला किती दिवस लागले हे आपणहून विचारतात. गोधडीला तो मान नाही. दुकानात निदान घासाघीस चालत नाही आणि गोधडी प्लॅस्टिकमध्ये न कोंबता दांडीवर टांगलेली असते, त्यामुळे हात लावून पाहता येते.

संक्रांतीनंतर चार गोधड्या पुन्हा पाठवल्या. या वेळी करारावर सूट निम्मी-निम्मी सोसण्याचे कलम पेनने लिहून घेतले आणि त्याखाली बाईंची सही घेतली.