व्हेंजन्स एलपीएक्स ३२०० : रॅम उत्तम, पण तुमच्या मदरबोर्डला ती पेलते का?

डीडीआर४वर (डीडीआर५च्या आधीच्या पिढीच्या रॅमवर) चालणाऱ्या डेस्कटॉपची रॅम वाढवायची म्हटलं की कोर्सेअरच्या व्हेंजन्स एलपीएक्सचं नाव हमखास निघतं. १६ जीबीच्या दोन स्टिक, ३२०० वेग, सीएल १६ (डेटा मागितल्यापासून तो मिळेपर्यंत घड्याळाच्या १६ टिक), हे त्यातलं सगळ्यात कामाचं किट. माल भरवशाचा आहे. पण पाकिटावरचा ३२०० प्रत्येक मशीनवर मिळत नाही, आणि जिथे मिळत नाही तिथे हे किट साध्या, उघड्या हिरव्या पट्टीच्या रॅमपेक्षाही मागे पडतं. घेण्याआधी नीट समजून घ्यावी अशी हीच एक गोष्ट आहे.

प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची एक बारीक चिप असते. स्टिकने किती वेगाने आणि किती व्होल्टवर चालायचं, याच्या नोंदी तिच्यात असतात. एलपीएक्सची मूळ नोंद २१३३ वेगाची, १.२ व्होल्टची. ३२०० ही वेगळी नोंद, म्हणजे एक्सएमपी प्रोफाइल, १.३५ व्होल्टवर चालणारं. ते आपोआप लागू होत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावं लागतं. एएमडीच्या काही बोर्डांवर हाच पर्याय डीओसीपी नावाने दिसतो. तो चालू केला नाही तरी मशीन बिनतक्रार सुरू होतं, म्हणून वर्षानुवर्षं २१३३वर चालणारी महागडी किटं पुष्कळ आहेत.

ऑफिससाठी बनवलेल्या ब्रँडेड डेस्कटॉपच्या बायोसमध्ये हा पर्याय बहुतेक वेळा नसतोच. इंटेलचे एच४१०, बी४६० हे चिपसेटही (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिप) रॅमला ठरावीक मर्यादेपुढे जाऊ देत नाहीत. त्यांवर कोअर आय५ १०४०० प्रोसेसर असेल तर ती मर्यादा २६६६. अशा मशीनसाठी क्रुशियलची साधी डीडीआर४ ३२००, सीएल २२, १.२ व्होल्टची स्टिक घ्यावी. तिची मूळ नोंदच ३२००ची असते, त्यामुळे प्रोसेसर परवानगी देईल तो वेग ती बायोसला हात न लावता घेते. बंदिस्त बायोसमध्ये एलपीएक्स २१३३वर अडकलेली असताना ही २६६६वर चालते, तीही कमी खर्चात.

बायोस मोकळं असेल तर मात्र पारडं फिरतं. ३२००च्या रॅममध्ये दर टिकला दोनदा डेटा जातो, म्हणून तिचं घड्याळ १६०० मेगाहर्ट्‌झचं, म्हणजे एक टिक ०.६२५ नॅनोसेकंदाची. सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद, सीएल २२ म्हणजे १३.७५. हा फरक गेममध्ये, विशेषतः एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर, जाणवतो. ब्राउझर, हिशेबाचं काम, कागदपत्रं यांत तो शोधूनही सापडायचा नाही. ३६०० सीएल १८चा हिशेबही १० नॅनोसेकंदच निघतो; तिथे डेटाची वाहतूक थोडी वाढते, पण त्यासाठी फार जास्त पैसे मोजू नयेत. लेबलवर टायमिंगचे आकडे १६-१८-१८-३६ आहेत की १६-२०-२०-३८, यावरही डोकं शिणवायचं कारण नाही.

वेगापेक्षा चॅनल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधली डेटाची वाट, महत्त्वाचा. एक स्टिक ३२००वर सेकंदाला २५.६ जीबी वाहून नेते, दोन चॅनलवरच्या दोन स्टिक ५१.२. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरत असाल तर हा फरक सरळ चित्राच्या वेगात दिसतो. म्हणून १६ची एक घेण्यापेक्षा ८च्या दोन घ्या, आणि त्या एकाच पाकिटातल्या. एलपीएक्समध्ये एकाच मॉडेल क्रमांकाखाली वेगवेगळ्या कंपन्यांच्या मेमरी चिप येतात. स्टिकरवरच्या ‘व्हर’ आकड्यावरून ते कळतं. दोन सुट्या स्टिक जुळतीलच असं नाही. जुन्या स्टिक सोबत ठेवल्या तर सगळ्या सगळ्यात हळू स्टिकच्या वेगाने चालतात, आणि चार स्टिकचा भार पडला की ३२०० टिकवणं बोर्डाला जड जातं. नवीन किट पुरेसं असेल तर जुन्या काढूनच टाका.

किती जीबी, हे टास्क मॅनेजरला विचारा. रोजचं सगळं काम उघडं ठेवून मेमरीचं पान पाहा. ‘कमिटेड’चा (चालू प्रोग्रामनी मागितलेल्या मेमरीचा) पहिला आकडा बसवलेल्या रॅमच्या वर राहत असेल तर वाढ हवीच. ८ जीबीवरून १६वर जाताना बहुतेकांचा प्रश्न सुटतो. व्हिडिओ एडिटिंग किंवा व्हर्च्युअल मशीन असतील तर ३२. रॅम निम्मी मोकळी असूनही मशीन रखडत असेल आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर हे पैसे एसएसडीवर घाला.

स्टिक ३४ मिमी उंच आहे, उघड्या स्टिकपेक्षा जेमतेम तीन मिमी जास्त, त्यामुळे मोठ्या एअर कूलरखालीही ती सहसा मावते. या मालिकेची ही खरी जमेची बाजू. ॲल्युमिनियमचं कवच शोभेसाठी धरा, १.३५ व्होल्टवर डीडीआर४ फार तापत नाही. अगदी छोट्या डेस्कटॉपमध्ये लॅपटॉपची आखूड रॅम असते, तिथे ही बसणार नाही. डीडीआर५च्या स्लॉटलाही २८८ पिनाच असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. जोर लावू नका.

बसवताना केबल काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा, ए२ आणि बी२. दोन्ही टोकांना दाब द्या. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो आणि दुसरं टोक अर्धवट राहतं. ‘नवीन रॅम खराब निघाली’ या तक्रारीमागे कित्येकदा एवढंच असतं. पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन मिनिटभर काळी राहू शकते, कारण बोर्ड नव्या रॅमची जुळणी करत असतो. तेवढ्यात वीज तोडू नका. तरीही काही दिसलं नाही तर एकच स्टिक ए२मध्ये ठेवून सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीत आणा.

मग एक्सएमपी चालू करा. टास्क मॅनेजरमध्ये ३२०० दिसलं पाहिजे. हार्डवेअरची माहिती देणारा सीपीयू-झेड हा प्रोग्राम घड्याळाचा १६०० दाखवतो, तेही बरोबरच. त्यानंतर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ प्रोग्रामचे चारही पास (फेऱ्या) पूर्ण होऊ द्या, रात्रभर लागली तरी. एकही एरर चालवून घेऊ नका, कारण अशी रॅम फाइली नकळत बिघडवते. एरर आली तर एक्सएमपी बंद करून पुन्हा चाचणी घ्या. एरर गेली तर बोर्डाला किंवा प्रोसेसरला ३२०० झेपत नाही असं समजा. पहिल्या पिढीच्या रायझनवर हे बऱ्याचदा होतं, आणि २९३३वर सगळं स्थिर होतं. २१३३वरही एरर येत असेल तर स्टिक एकेक करून तपासा. एकच सदोष निघाली तरी बदलून घेताना दोन्ही स्टिक द्या, म्हणजे जुळणारी जोडी परत मिळेल. वॉरंटी मर्यादित आजीवन आहे. बिल जपून ठेवा आणि स्टिकवरचं स्टिकर काढू नका.